माझा उतार आणि आजींचे पाय

मित्रांनो, मी एक जुने मैदान आहे. या बागेच्या मधोमध वर्षानुवर्षे पडून आहे. माझ्या डोक्यावर बरोबर मध्ये टक्कल पडले होते, आणि ते तुमच्याच टाचांनी पाडले होते, हे आधी सांगून टाकते.

पूर्वी इथे एक डबके होते. ते बुजवून, वर मुरूम टाकून, रोलर फिरवून मला घडवले. पण रोलरवाल्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी. मी एका अंगाला कलतेच राहिले. दिसायला सपाट, पण चेंडूला विचारा! कुठूनही मारा, तो घरंगळत फाटकाकडेच जाणार. आणि फाटकाबाहेर रस्ता, रस्त्यावर बसगाड्या. त्यातून आपल्या इथला नियम असा, की चेंडू लांब गेला तर सगळ्यात लहान असेल त्याने आणायचा. मला ना हात ना पाय. नुसती काळजी तेवढी एकरभर.

फाटक अरुंद होते. त्याला लागून एक बाक होते, आणि त्यावर एक आजी संध्याकाळी विणत बसत. गुडघे दुखत म्हणून पाय लांब पसरून. चेंडू येऊन थेट त्यांच्या चपलेवर आदळे.

“मेल्यांनो, माझे पाय म्हणजे काय गोलपोस्ट वाटले?” सुयांवरची नजर न हलवता त्या चेंडू परत ढकलत.

“आजी, यंदा टीममध्ये या ना!” मुले ओरडत.

“येते हं. आधी तुझे कान उपटते.”

मग माझे रूप पालटायचे ठरले. एक इंजिनिअर आले. आठवडाभर त्यांनी मला निरखले. उतारही मोजला आणि म्हणाले, “छान! पाणी साचणार नाही.” चेंडू एकदाही रस्त्यावर गेला नाही, हेही त्यांनी पाहिले. “फाटक रुंद करू या. बाबागाड्या सहज येतील.” मग अदबीने आजींना विचारले, “तुम्हाला काय हवंय?”

“मला? या चेंडूंपासून सुटका!”

“झालीच समजा.”

आजींचे बाक पार पलीकडे, झाडाच्या सावलीत गेले. मला हिरवेगार गवत आले, पांढऱ्या रेघा आल्या. खोटे कशाला बोलू, मीसुद्धा फुशारले.

उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी चेंडूला लाथ मारली. टाळ्या पडल्या. नव्या गवतावर चेंडूला अडखळायला जागाच नव्हती. तो चालतच राहिला. पाहुण्यांनी मारलेला, म्हणून लोक टाळ्या वाजवतच राहिले. आणि नियमाप्रमाणे सगळ्यात लहान, ती पिटुकली चेंडूमागे धावली. वय वर्षे चार.

“अगं पोरी, थांब! फाटक!” झाडाखालून आजी किंचाळल्या आणि गुडघे विसरून पळत सुटल्या. मागे लोकरीचा गुंडा उलगडत गेला. पिटुकलीची आई धावली, इंजिनिअर धावले, एका पायातला बूट मागे टाकून पाहुणेही धावले. लोकरीत पाय अडकून इंजिनिअर आणि पाहुणे दोघेही आडवे झाले.

आईने अगदी फाटकात पिटुकलीचा फ्रॉक पकडला. बाहेर बसचा ब्रेक कर्रकन वाजला. मग फट्ट!

तो चेंडू होता. फक्त चेंडू.

“आठवडाभर बघत होतो,” इंजिनिअर बसल्या जागी पुटपुटले. “एकदाही बाहेर गेला नव्हता.”

“कसा जाईल?” मुलांचा कप्तान म्हणाला. “आजी होत्या ना तिथं.”

आजी स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या, जणू ते आत्ताच दुकानातून आणले होते.

आता फाटकाच्या आत कमरेएवढी आडवी भिंत आहे. चेंडू तिला अडतो आणि बाबागाड्या वळसा घालून येतात. बाक सावलीतच राहू द्या, असे इंजिनिअर म्हणाले.

“आणि संध्याकाळभर माझ्या पायांनी करायचं काय?” आजींनी विचारले. बाक भिंतीपाशी आले.

तेव्हा मित्रांनो, माझे गवत सांभाळा, रेघांवर सायकली नेऊ नका. आणि तुमचा चेंडू कुठे थांबला, तर तो उचलून लगेच पळू नका. तो कुणाच्या पायाशी थांबला, ते एकदा मान वर करून बघा.