पियूला मलावीला न्यायचं का

बदनापूरच्या त्या गल्लीत कलतं ऊन अजून भिंतींना चिकटून बसलं होतं. तृप्ती पुढे चालली होती, तिची सासू पुष्पाबाई मागे. दोघी एकाच दाराशी एकच प्रश्न घेऊन निघाल्या होत्या. उत्तर मात्र दोघींना वेगवेगळं हवं होतं.

तृप्तीचा नवरा कल्याण दिवाळीनंतर मलावीला गेला होता. आफ्रिकेतला हा एवढासा देश घरात आधी कुणाच्या ऐकण्यातही नव्हता. तिथं तूर पिकते, तिथल्या डाळमिलला फिटर पाहिजे होता, आणि कल्याणच्या हाताला यंत्रं ऐकत. आता येत्या सोमवारी तृप्ती त्याच्याकडे निघाली होती. तिची तीन वर्षांची पियू सोबत जायची, की आजीजवळ राहायची, एवढंच ठरत नव्हतं.

गेल्या श्रावणात पियूला ताप चढला होता आणि तापात झटका आला होता. डोळे फिरले, दातखीळ बसली, अंगाचं लाकूड झालं. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना असं होतं, मोठी झाली की जाईल. पण तेव्हापासून झोपेतसुद्धा तृप्तीचा हात पोरीचं कपाळ चाचपायचा. आणि मलावी म्हटलं की गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच शब्द होता, मलेरिया.

म्हणून त्या थोकोझानीकडे, म्हणजे थोकोकडे, आल्या होत्या. ती मूळची मलावीचीच. तुरीचं शास्त्र शिकायला बदनापूरला आलेली, भाड्याच्या एका खोलीत राहणारी. मराठी शिकली ती शेतात खुरपणाऱ्या बायांकडून. गल्लीनं तिचं नाव केव्हाच ठकूबाई करून टाकलं होतं.

"ठकू, तिकडं मलेरिया लई हाय का गं?" तृप्तीनं उंबऱ्यातूनच विचारलं.

थोको खाटेवरून उठली. हातातला फोन तिनं उशीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"असं न्हाई. मलावीत जायचं न तुला? मंग पहिलं हे शिक. बाहेर जा. दारात म्हणायचं, ओडी. मी आत ये म्हणणार, मंग यायचं. मंग पुसायचं, कशी हाय? मी म्हणणार, मी बरी, तू कशी? तू म्हणणार, मी बी बरी. मंग बसायचं. मंग काम."

"अन् घराला आग लागली असली तर?" पुष्पाबाईनं विचारलं.

"तरी आधी बरं पुसायचं, आजी. मंग बादली मागायची."

पुष्पाबाईला हसू फुटलं. हसणं तिच्या आजच्या बेतात नव्हतं. दोघी मागे सरल्या, ओडी म्हणाल्या, एकमेकींना बरं विचारलं. थोकोनं तांब्याभर पाणी पुढे केलं, दोन्ही हातांनी, गुडघ्यात जराशी वाकून. पुष्पाबाई जात्यावर वाढलेली. तिच्या तोंडून आपसूक ओवी निघाली.

दूरदेशीचा पाहुना, त्याला आधी पानी द्यावं
पान्याच्या गं तांब्यामंदी, त्याचं गाव पाहून घ्यावं

"हे लई बराबर हाय," थोको म्हणाली आणि तिनं फोनकडे बघितलं.

मग ती सांगत गेली. द्यायचं-घ्यायचं ते दोन्ही हातांनी. मिनीबस गच्च भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई करून उपयोग नाही. तळं समुद्राएवढं, पण गवताळ काठाच्या पाण्यात उतरायचं नाही, त्यानं आजार होतो. मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते, ती हातानं खायची, भाजीला लावून. आणि सुटर घ्यायचं.

"सुटर?" पुष्पाबाईचे डोळे मोठे झाले. "आफ्रिकेत?"

"जूनमधे लई थंडी, आजी. तुझा मुलगा डोंगरावरच्या गावात हाय. तिथं धुकं, बारीक पाऊस."

"बघ, फोनवर एक शब्द न्हाई बोलला! बनेनवर बसला असंल कुडकुडत."

थोको हसली, पण बोलता बोलता तिची नजर पुन्हा फोनकडे गेली. स्क्रीन उजळायची, काळी पडायची, थोको ती पुन्हा उजळवायची. हिला आपण नकोशा झालो, असं तृप्तीला वाटलं. पुष्पाबाईनंही तिला कोपरानं ढोसलं. "घाई दिसती बाईला. इचार, कशाला आलो ते."

तृप्तीनं विचारून टाकलं. "पियूला न्यावं का न्हाई, ठकू? मलेरियाचं काय?"

"मच्छरदाणी गादीखाली दाबून लावायची. रोज." थोको सावकाश बोलू लागली, पाठ म्हटल्यासारखी. "ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. गोळी देऊन झोपवायचं न्हाई. उद्या बघू म्हणायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

"म्हंजी तापाची खात्रीच हाय," पुष्पाबाई पुढे सरकली. जी गोष्ट ऐकायला ती आली होती ती हाती लागली होती. "आता तूच सांग ठकूबाई. अशा मुलखात कुनी लेकरू ठेवतं का?"

 थोको फोन दोन्ही हातांत धरून बसली.

"माझं हाय तिथं," ती म्हणाली.

 तिनं फोन फिरवून फोटो दाखवला. दोन वेण्या, पुढचा एक दात नाही. मुलीचं नाव चिसोमो. तिच्या आजीकडे, थोकोच्या आईकडे, राहते. कालपासून तापलेली. सकाळी आजी तिला पाठीला बांधून दवाखान्यात घेऊन गेली. तिकडं अजून दुपारच आहे, रांग मोठी असते. तेव्हापासून निरोप नाही.

पुष्पाबाईच्या तोंडाला पदर गेला.

"अन् आम्ही मघापासून..." तृप्ती म्हणाली. "आल्या आल्या सांगायचं न, ठकू."

"तू पुसलं न, कशी हाय. मी म्हणाले, बरी." थोकोनं खांदे उचलले. "तसंच म्हणत असतेत."

आता उठून जाणं कुणाला जमणार होतं? पुष्पाबाई खाटेवर तिच्या शेजारी जाऊन बसली, तृप्ती खाली फरशीवर. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत गेलं. तृप्तीच्या डोळ्यांसमोर पोर येई, कधी दोन वेण्यांची, कधी आपली, आणि दोघींचं कपाळ सारखंच तापलेलं. एकदा फोन वाजला, तिघी दचकल्या. कुठली तरी जाहिरात होती. पुष्पाबाईनं त्या जाहिरातवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मग खरा निरोप आला. आईचा आवाज भरून पाठवलेला. पण तो उघडेना. नुसतं एक वर्तुळ गरागरा फिरत राहिलं. थोको दारात गेली, गल्लीत गेली, फोन उंच धरून उभी राहिली. अखेर निरोप उघडला, तिनं फोन कानाला लावला. दोघी दारात येऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेवढंच त्यांना वाचता येत होतं.

"मलेरिया निघाला."

तृप्तीनं चौकट धरली.

"गोळी दिली. पहिली उलटली. दुसरी पोटात राह्यली." थोकोचा श्वास आता कुठं खाली उतरला. "उठून बसली. लापशी मागून राह्यली."

आणि एवढं सांगून झाल्यावर ती रडायला लागली. इतका वेळ दगडासारखी बसलेली बाई, बरं ऐकल्यावर ढासळली. पुष्पाबाईनं तिला आत आणलं, डोक्यावरून हात फिरवला.

"रात्री माझं नाव घेत होती म्हणे," थोको म्हणाली. "इथं मी काय करू? हा फोन धरून बसते. तो गरम होतो. मला वाटतं, तिचं अंग."

तृप्तीनं डोळे मिटले. भीती कमी झाली नव्हती. उलट आता तिला नाव होतं, वेण्या होत्या, पडलेला दात होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पियू माझ्यासंग येईल."

"येडी झाली का? आत्ता कानानं ऐकलं न, निघाला म्हनून?"

"ऐकलं." तृप्ती म्हणाली. "ताप इथं बी आल्ता. झटका इथंच आल्ता. तवा ती माझ्या मांडीवर होती. मी तिथं अन् ती इथं, असं झालं तर मला जीव धरून बसता येणार न्हाई. मी ठकूएवढी घट्ट न्हाई."

 पुष्पाबाईजवळ उत्तरं पुष्कळ होती, वाटेभर जुळवून आणलेली. पण ती थोकोच्या हातातल्या त्या फोनकडे बघत राहिली.

"अन् मंग मी?" अखेर ती म्हणाली, अगदी हळू. "तिथं तिला ताप आला, तर मी कुठं बघत बसू?"

  थोकोनं डोळे पुसले, आईचा निरोप पुन्हा लावला, या वेळी सगळ्यांना ऐकू येईल असा. म्हातारीचं भराभर बोलणं, मागे कोंबड्यांची कलकल, आणि शेवटी एक बारीक, चिरका, हट्टी आवाज.

"काय म्हनून राह्यली?" पुष्पाबाईनं विचारलं.

"लापशीत साखर कमी हाय म्हणती."

पुष्पाबाई वाकली, कान फोनजवळ नेला.

"आजून एकदा लाव," ती म्हणाली.