लाल झेंडी आणि वेळेवर आलेली पॅसेंजर

मित्रांनो, आज मला पाहिलेत तर तुम्ही मला लाल म्हणणार नाही. ऊन खाऊन मी विटकरी झाले आहे आणि एका कोपऱ्याला ठिगळही आहे. पण मी रेल्वेची झेंडी आहे, आणि एकदा मी अख्खी पॅसेंजर थांबवली आहे!

१९८१ साली कळंबोलीजवळच्या एका छोट्या स्टेशनात मी दाखल झाले. आजूबाजूला नव्या शहरासाठी मातीचे भराव पडत होते. रूळ मात्र एकेरीच होता. त्याची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम मारोती. मी सगुणाबाईच्या हाती आले. ती खाडीकाठच्या गावची. नवरा टोळीत असतानाच वारला, म्हणून त्याच्या जागी ती लागली होती. टोळी काम करू लागली की तिने लांब जाऊन रुळावर तीन फटाके बांधायचे आणि मला घेऊन उभे राहायचे. चाकाखाली फटाके फुटले की ड्रायव्हरला धोका कळतो.

रूळ उखडायचा तर स्टेशनमास्तर दिनानाथ यांच्याकडून 'ब्लॉक' घ्यावा लागे, म्हणजे ठरावीक वेळ लाईन बंद. मारोती ब्लॉक मागायला गेला की मास्तर वेळापत्रकावर बोट ठेवत. "दहा वीसची पॅसेंजर जाऊ दे, मग बघू."

पॅसेंजर यायची साडेअकराला. तिच्या मागे मालगाडी असायचीच. रूळ तसेच झिजत राहायचे. शेवटी दोघांनी तोंडी तोडगा काढला. पॅसेंजर उशिरा येणारच, तेव्हा दहाला काम सुरू करायचे आणि अकराला आवरायचे. कागदावर काहीच नाही! वर्षभर हे बिनबोभाट चालले.

"आवं बाई, कशापायी एवढं लांब जाताय?" मारोती हसायचा. "गाडी काय आत्ता येतीय व्हय?"

"येवो नाय तर न येवो," सगुणाबाई मला काखेत मारून म्हणायची, "मी जानार."

मलाही कधी कधी कंटाळा येई. रोज दोघींनी उभे राहायचे आणि समोर फक्त बगळे!

एके दिवशी मात्र पॅसेंजरला मोठ्या साहेबांचा डबा जोडला होता. मग काय, वाटेत तिला कोणी अडवलेच नाही. गाडी पुढे सोडण्यासाठी आधीच्या स्टेशनाने फोनवर लाईन मागितली. पोहे खाता खाता मास्तरांनी सवयीने "दिली" म्हटले. मग घड्याळ पाहिले आणि पोह्यांची बशी तशीच टाकली. टोळी मैलभर लांब, आणि रूळ तर उखडलेला. मास्तर टोपी सांभाळत रुळांमधून धावत सुटले. पण गाडी येत होती टोळीच्या पलीकडून!

तिकडे धाड, धाड, धाड! फटाके फुटले. सगुणाबाई दोन्ही हातांनी मला फडकवू लागली. माझी शिवण उसवली, तरी ती थांबेना. इंजिन करकरत आले आणि आमच्यापासून वीस पावलांवर थांबले.

साहेब घड्याळ बघत उतरले. "गाडी अगदी वेळेवर असताना का अडवली?"

"साहेब," सगुणाबाई धापा टाकत म्हणाली, "गारी टायमावर आली, तोच घोटाला झाला."

साहेब पुढे चालत गेले. उखडलेला रूळ पाहून त्यांनी मुकादमाला आणि मास्तरांना पुढे बोलावले. मारोती आणि मास्तर एकमेकांकडे बोट दाखवत उभे होते. पुढे दोघांच्या बदल्या झाल्या.

साहेबांनी त्याच दिवशी वेळापत्रक मांडीवर घेतले. "ब्लॉकला वेळ ठेवायचा तर कधी?" सगुणाबाईला वाचता येत नव्हते, पण वर्षभर रोज दिवसभर रुळाकडेला राबून प्रत्येक गाडी तिला तोंडपाठ झाली होती. "बारा ते सव्वा एक," ती म्हणाली. "तवा एक पन गारी नसते."

नव्या वेळापत्रकात बारा ते सव्वा एक लाईन बंद, असे छापून आले. तेव्हापासून आमच्या टोळीने चोरून रूळ उखडला नाही.

आता मी अवजारांच्या पेटीत असते. मित्रांनो, मला नीट घडी घालून ठेवा, माझ्यात कांदे बांधू नका. आणि रुळाकडेला कोणी झेंडी घेऊन एकटे उभे दिसले, तर खिडकीतून जरूर हात हलवा. मात्र उत्तरादाखल त्यांनी झेंडी हलवावी, असा हट्ट धरू नका. तुमची गाडीच थांबेल!