वाईतेरेला ओ कोण देणार

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो, माझ्या कोंबड्या समुद्रात जाऊन अंडी घालोत आणि या वयात मला पुन्हा दात येऊन ते दुखोत! आता ऐका.

वाईतेरे म्हणजे आमच्या बेटाचा सगळ्यात चिंचोळा भाग. मधल्या डोंगरापासून खाली समुद्रापर्यंत, पपईच्या फोडीएवढा. वर नेच्यांचं रान, खाली अळूची दलदल, मग पाय कापणारा काळा प्रवाळखडक, की संपलंच. एवढंच का, तर फार पूर्वी दोघा भावांनी बेट वाटून घेतलं आणि बहिणीला म्हणाले, "तुझं डुक्कर एका दमात जेवढं पळेल तेवढी जमीन तुझी." डुक्कर होतं खाऊन खाऊन माजलेलं. डोंगरावरून सोडलं ते पळालंच नाही, सरळ उतारावरून गडगडत आलं आणि समुद्राशी जे बसलं ते बसलं. बहिणीने लाथा घातल्या, केळी दाखवली, त्याच्यापुढे रडून बघितलं. डुकराचा दगड झाला पण ते उठलं नाही. आजही त्या दगडावर जाऊन बसा, ढुंगणाला ऊब लागते की नाही ते सांगा.

तर अशा या वाईतेरेत आता राहायची एकटी आकाइती. घरं होती, दारं होती, प्रत्येक दारात फरशी घातलेली थडगी होती. माणसं मात्र सगळी ऑकलंडला. चर्चमध्ये शेळ्या जायच्या, आणि पाळकापेक्षा वेळेवर जायच्या. आकाइतीचा नवरा पाएराउ गेल्या पावसाळ्यात गेला. त्याचं थडगं ओसरीला लागूनच. आकाइती त्यावर धुणं वाळत घालायची.

"जिवंतपणी एक फडकं वाळत घातलं नाहीस," ती त्याला म्हणायची, "आता घाल."

पण त्या वर्षी ती त्याच्याशी भांडायची ते निराळ्याच गोष्टीवरून. पाएराउ नव्हता, मग मेजवानीला वाईतेरेची ओ कोण देणार?

आमच्याकडे वर्षातून एकदा सगळं बेट जेवायला एकत्र बसतं. प्रत्येक भाग आपापली भट्टी जमिनीत लावतो, डुक्कर भाजतो, कंद भाजतो. मग पुकाऱ्या दगडावर चढून एकेका भागाचं नाव घेतो, त्या भागाच्या माणसाने जोरात ओ द्यायची आणि आपला वाटा उचलायचा. ओ मात्र त्याचीच चालते, ज्याची नाळ त्या मातीत पुरली आहे. परक्या नाळेने ओ दिली तर दलदलीतला कंद न् कंद सडतो. आणि कुणीच ओ दिली नाही, तर ते नाव पुन्हा कधी पुकारत नाहीत. जमीन शेजारच्या भागाला जाते, खडकातली मासेमारीची वाट शेजारच्यांची होते, चर्चच्या प्रार्थनेतूनही नाव जातं. मागे एका भागाचं असं झालं. त्याचं नाव विचारू नका, मला आठवत नाही. कुणालाच आठवत नाही, तेच तर सांगते आहे.

पाएराउची ओ अशी असायची की झाडावरचे नारळ पडायचे. पण आकाइती लग्न होऊन आलेली. तिची नाळ शेजारच्या ओनेमारूत. तिथला तुमुरंगी तिचा चुलत भाऊ, आणि तोच बेटाचा पुकाऱ्या. ती त्याच्याकडे गेली.

"तुमू, मी देते ओ. पन्नास वर्षं तिथलं पाणी प्यायले."

"पन्नास वर्षं माझं डोकं खाल्लंस, म्हणून काय तू माझी बायको झालीस?" तुमुरंगी म्हणाला. "तुझी नाळ माझ्या डुकरांच्या आवारात आहे. रोज डुकरं तिच्यावर मुततात. सगळ्या बेटाला ठाऊक आहे."

"मग पोराला बोलावते."

"येतोय तेउरा?"

तेउरा तिचा मुलगा. त्याची नाळ डुकराच्या दगडाजवळच्या वाकड्या माडाखाली होती, तिने स्वतः पुरलेली. तो ऑकलंडच्या विमानतळावर विमानात सामान चढवायचा. लोकांचं सामान रोज विमानात, आणि त्याला स्वतःला चढायला रजा नाही.

"आई, यंदा नाही जमत," तो फोनवर म्हणाला होता. "पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी काय पुकारणार आहेत रे? माझं डोंबल?"

मग तेउरालाच सुचलं. "फोनवरून दिली तर? आवाज तर माझाच ना."

आकाइतीने हे तुमुरंगीला सांगितलं. त्याने हनुवटी खाजवली, आभाळाकडे बघितलं, जांभई दिली.

"नाळेचं माणूस, नाळेचा आवाज. तो डब्यातून आला काय नि ढगातून आला काय, मला काय करायचंय? पण जोरात यायला हवा हं. चीं चीं नको."

मेजवानीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांनी करून बघितलं. तुमुरंगी दगडावर चढला आणि हळूच म्हणाला, "वाईतेरे!" फोनमधून लगेच तेउराची ओ आली, अशी की तुमुरंगीची टोपी सरकली.

"बापाचा गळा आहे," तो म्हणाला, आणि उगाच नाक शिंकरत बसला.

मेजवानीच्या दिवशी आकाइतीने एकटीने भट्टी लावली. दगड तापवले, केळीची पानं अंथरली, कंद ठेवले. डुक्कर एकटीला उचलेना, म्हणून कोंबड्या ठेवल्या. सुवासिक फुलांची माळ केली, पाएराउची चांगली टोपी घातली आणि हातगाडी ढकलत प्रवाळखडकावरून मैदानात गेली. वाईतेरेचा वाटा तिने इतरांच्या शेजारी मांडला. इतरांच्या डुकरांपुढे तो अगदीच केविलवाणा दिसत होता. एक म्हातारी म्हणालीच, "हे काय, वाईतेरेचं डुक्कर अजून बसलेलंच आहे वाटतं?" आकाइतीही हसली.

तेउरा फोनवर होता. मागे विमानांची घरघर.

"ऐकू येतंय, आई. कामाची पाळी चालू आहे, पण मी आडोशाला उभा आहे."

तुमुरंगी दगडावर चढला. आणि तो चढला तशी मैदानातली सगळी माणसं उठली आणि सगळ्यांनी आपापले फोन वर धरले. कुणाची लेक ऑकलंडला, कुणाची नातवंडं सिडनीला, सगळ्यांना मेजवानी दाखवायची. "बघ गं, हे आपलं डुक्कर! बघ, आजोबा! हात हलव!" एवढ्याशा बेटावर फोनचा एकच मनोरा, त्यातून एकाच वेळी सगळ्यांची पोरंबाळं ओढायची. आकाइतीच्या हे ध्यानातच आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

"वाईतेरे!" तुमुरंगी ओरडला.

आकाइतीने फोन डोक्यावर धरला. फोन गप्प.

"वाईतेरे!"

पडद्यावर तेउराचं तोंड अर्धं उघडं, तसंच थिजलेलं. तुमुरंगी खोकला. त्याने पाणी मागितलं. पाणी प्यायला, उरलेलं कुणाच्या तरी अंगावर सांडलं, माफी मागितली, टोपी नीट केली. मागून बायका कुरकुरायला लागल्या, "अरे, मांस गार होतंय!" त्याने आकाइतीकडे बघितलं, आणि मग मुद्दाम तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला. तिने ओरडावं म्हणून.

तिने तोंड उघडलं. दलदलीतले कंद तिला डोळ्यांपुढे दिसले, पाएराउने लावलेले. तिने तोंड मिटलं.

"वाई...ते...रे!" तुमुरंगीने नाव एवढं लांबवलं की त्याचा श्वास संपला.

वारा तेवढा होता.

मग त्याने खाली मान घालून पुढचं नाव घेतलं. "ओनेमारू."

आणि आकाइतीच्या हातातला फोन गरजला, "ओ! आम्ही आहोत! ओ!"

आधी सगळे हसले. मग हसू हळूहळू विरत गेलं, कारण प्रत्येकाला कळलं. तीन हाकांना ओ आली नव्हती, म्हणजे वाईतेरेची माती आता शेजारच्या ओनेमारूची, आणि त्या मातीतली नाळही. तेउरा ओनेमारूचा झाला होता. त्याच्याबरोबर वाकडा माड गेला, आणि डुकराचा दगडही. फोनमधून घाईघाईत आवाज आला, "आई, दिली ओ! साहेब आला, जातो!" आणि तो बंद झाला.

वाईतेरेचा वाटा सगळ्यांत वाटला. कोंबडीचा एक पाय आकाइतीच्याही पानावर आला.

"ये, आमच्यात बस," तुमुरंगी तिच्याजवळ येऊन म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "तू मूळची आमचीच."

"हो ना," आकाइती म्हणाली. "फिरून डुकरांच्या आवारातच."

ती बसली आणि जेवली. मग रिकामी हातगाडी ढकलत परत गेली. ओसरीवर न जाता सरळ खाली, डुकराच्या दगडावर जाऊन बसली. डोंगरापासून समुद्रापर्यंत सगळं होतं तिथेच होतं, फक्त त्याला आता काही म्हणायचं नव्हतं. ऊन उतरलं तेव्हा मांडीवरचा फोन वाजला.

"आई, पोचली ना माझी ओ?"

"पोचली रे. खणखणीत पोचली."

"म्हणजे वाईतेरे राहिलं!"

"राहिलं."

"बाबांना सांग."

"सांगते," आकाइती म्हणाली, आणि थडग्यावरचं वाळलेलं धुणं काढायला उठली.

बरं, आता माझ्याकडे असं बघू नका. एवढ्या शपथा घेतल्या आहेत तर एक सांगून टाकते. डुक्कर खरं आहे. दगडाची ऊब खरी आहे, आकाइतीनेच मला तिथे बसवलं होतं. फोनमधली ओ तर सगळ्या बेटाने ऐकली. तो संध्याकाळचा फोन तेवढा मी माझ्या पदरचा घातला. ती अंधार पडेपर्यंत बसली होती, पण फोन काही वाजला नाही.