गाण्याची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं, देवळातली. आमच्या मंडळीतली म्हातारी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. कराडला लागून मलकापूर आहे ना, तिथं उसाच्या रानाकडेला आमचं कौलारू देऊळ आहे आणि मागं मुलामुलींचं वसतिगृह. देवळात व्यासपीठाच्या डाव्या हाताला एक खिळा आहे. त्या खिळ्यावर माझा जन्म गेला.

शनिवार कलला की मला धास्ती वाटते. लाकडाला कसली आलीय धास्ती, असं म्हणून हसाल. हसा बापडे! पण वसतिगृह सांभाळणाऱ्या सुलाबाई हातात खडू घेऊन माझ्याकडं येताना दिसल्या, की मी आतून गार पडते. उद्या कुणाचं लेकरू, एवढंच डोक्यात येतं.

पण मी हे शेवटाकडूनच सांगायला लागले. जरा सुरुवातीपासून ऐका.

आमच्याकडं सुगीचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं, ते तो देवापुढं आणून ठेवतो. जोंधळ्याची पोती, उसाच्या मोळ्या, भोपळे, एखाद्या वर्षी आरवणारा कोंबडासुद्धा येतो. तात्याबा सुताराला रान नव्हतं. "माझ्या रानात नुसता भुसा पिकतोय," असं तो म्हणायचा. एका सुगीला त्यानं सागाची फळी रंधून रंधून गुळगुळीत केली, तिला काळा रंग दिला, चौकट बसवली, वर पितळी कडी लावली आणि देवापुढं ठेवली. तीच मी. त्याची बायको हरणाबाई मला डोक्यावर घेऊन आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. वाटेत कुणी विचारलं तर ती सांगायची, "आमच्या मालकानं देवाच्या गान्यासाठी पाटी केलीया!"

माझं काम सोपं होतं. उपासनेत कोणती गाणी म्हणायची, त्यांचे आकडे माझ्यावर खडूनं लिहायचे. मागच्या बाकांना दिसावं म्हणून गाण्याची वेळ झाली की एखादं पोर मला खिळ्यावरून काढून मधोमध धरून उभं राहायचं. पाटी मधोमध आली, की सगळी मंडळी पुस्तक उघडून उठायची. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, पण गाणी सगळी तोंडपाठ. पेटीनं चाल दिली की पहिली ओळ तीच उचलायची आणि मग मंडळी तिच्यामागं धावायची. मला धरण्यासाठी पोरांची भांडणं लागत, काय सांगू! ज्याच्या हातात मी, तो त्या दिवसाचा राजा.

एकदा तर मोठी गंमत झाली. लग्न होतं, आणि एका वात्रट कार्ट्यानं माझ्यावरच्या एकाच्या आकड्याला शेपूट काढून त्याचा नऊ केला. लग्नाच्या गाण्याऐवजी मंडळीनं उघडलं ते मातीच्या वेळी म्हणायचं गाणं! पेटीवाल्यानं सूर दिला, हरणाबाईनं उचलला, आणि मग कुणाचा इलाज चालेना. कारण आमच्याकडं सुरू झालेलं गाणं मध्येच तोडत नाहीत. भरल्या ताटावरून उठल्यासारखं होतं ते. नवरा-नवरी माना खाली घालून उभे, आणि मंडळी आपली शेवटच्या कडव्यापर्यंत मयताचं गाणं म्हणतेय! तेव्हाचे म्हातारे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हसून हसून रडले. त्यांनी त्या पोराचा कान धरला आणि म्हणाले, "लेका, अक्षर झकास हाय तुजं. इथून पुढं आकडे तूच लिवायचे." झाली शिक्षा. ते पोर पुढं शाळा सुटेपर्यंत माझे आकडे लिहीत होतं.

मग काळ बदलला. तात्याबा गेला. म्हातारे पाळकसाहेब गेले. हरणाबाई लेकीच्या बाळंतपणाला जतला गेली, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं तिकडंच राहिली. आमच्याकडं नवे पाळकसाहेब आले. त्यांनी भिंतीवर पांढरा पडदा लावला. गाणी त्याच्यावरच उमटू लागली. आता पाटी कशाला हवी? माझ्यावर धूळ साचली, कडीला कोळ्यानं घर केलं. वाईट वाटलं, पण म्हटलं, चला, म्हातारपण म्हणायचं.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं हो!

नवे पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. आजारी माणसाकडं ते पावसापाण्यात जातात. पण त्यांना एक भीती आहे. त्यांच्या आधीच्या गावी मंडळीतली दोन पोरं दारूच्या नादानं गेली, हे ते प्रार्थनेत रडून सांगतात. "लेकरांना वेळीच लाज वाटली पाहिजे," ते म्हणतात. "लाज वाटली की पाप सुटतं." आणि एका सकाळी त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला खाली काढलं, ड्रिलनं माझ्या चौकटीला दोन भोकं पाडली आणि वसतिगृहाच्या कपडे वाळत घालायच्या निळ्या नायलॉनच्या दोरीतला एक तुकडा तोडून त्यात ओवला. तात्याबानं मला एक खिळा कधी ठोकला नव्हता. माझे सगळे सांधे खाचेत बसवलेले होते.

पहिल्यांदा मी प्रशांतच्या गळ्यात गेले. आठवीतला पोरगा, आवाज असा गोड की पेटी लाजावी. त्यानं पवित्र शास्त्राच्या वर्गात विचारलं होतं, "पाळकसाहेब, जलप्रलयात मासे कसे काय बुडले?" पोरं हसली आणि पाळकसाहेबांना वाटलं की ह्यानं थट्टा केली. सुलाबाईंनी माझ्यावर लिहिलं, "मी उद्धट आहे." सगळ्या उपदेशभर प्रशांत मला गळ्यात घेऊन मंडळीसमोर उभा होता. दोरीनं मान लाल झाली होती. त्याचे आईबाप तिसऱ्या बाकावर बसून फरशीकडं बघत होते. त्यानंतर तो गायला नाही. मग देवळात येईनासा झाला आणि पुढं शाळेतही. आता तो हायवेच्या गॅरेजात काम करतो. रविवारी आमच्या दारावरून सायकलनं जातो तेव्हा मान पलीकडं वळवतो. मला खिडकीतून दिसतं ते सगळं.

म्हणून सांगते, त्या शनिवारी सुलाबाई खडू घेऊन आल्या तेव्हा माझा जीव उडाला. मागोमाग शलोमी आली होती.

शलोमी जतकडची, दहावीतली. तिच्या गावात टँकर आला की शाळा बुडवून पाण्याला उभं राहावं लागायचं, म्हणून आईनं तिला इथं वसतिगृहात ठेवलेली. तिचा गुन्हा काय, तर ती शिवजयंतीच्या मिरवणुकीत शाळेच्या पथकात लेझीम खेळली. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि ते फिरत फिरत पाळकसाहेबांच्या मोबाइलवर पोचलं.

"आवं बाई, पीटीच्या सरांनीच न्हेलं आमाला," शलोमी काकुळतीला येऊन म्हणाली. "समदा वर्ग होता. लेझीम तर शाळेतच शिकिवली की."

"मला नको सांगूस गं. पाळकसाहेबांना सांग."

"सांगितलं. ते म्हनले, जगाबरोबर नाचलीस, आता देवापुढं उभी ऱ्हा." तिनं ओठ चावला. "बाई, मला पाटी घालून उभं केलं तर मी ऱ्हाणार न्हाई हितं. सोमवारच्या गाडीनं जतला जाती. दहावी बी नको मला."

सुलाबाईंचा हात थांबला. खडू माझ्यावर टेकलेला, पण पुढं सरकेना. मला वाटलं, खडू टाकून देतील आता. पण त्यांची नोकरी होती, आणि पाळकसाहेबांचा शब्द होता. त्यांनी लिहिलं, "मी जगाच्या नादी लागले." अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं.  शलोमीनं जाऊन बॅग भरली, हे मला मागाहून कळलं.

रविवार उजाडला. देऊळ भरलं. दारात एस.टी.तून उतरलेली एक म्हातारी काठी टेकत आत आली आणि तिच्या जुन्या जागेवर, पहिल्या बाकावर बसली. हरणाबाई! मोतीबिंदू अजून काढलेला नव्हता. तिनं व्यासपीठाकडं पाहून हात जोडले. तिच्यामागं काय काय घडलं, ह्यातलं तिला काही ठाऊक नव्हतं.

प्रार्थना झाली. सूचना झाल्या. मग पाळकसाहेबांनी नुसती मान हलवली. शलोमी उठली. सुलाबाईंनी मला तिच्या गळ्यात घातलं आणि ती चालत मधोमध येऊन उभी राहिली. मित्रांनो, तिचं काळीज माझ्या पाठीवर असं आपटत होतं, की वाटलं, ही पोर आता इथंच कोसळणार. मला खाली पडता येत नव्हतं, पालथं होता येत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या पोरींनी माना खाली घातल्या. 

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, "प्रिय मंडळी, आज आपल्यातल्या एका मुलीनं..."

आणि हरणाबाई उठली.

अंधुक डोळ्यांना तिला काय दिसलं असेल? मधोमध एक पोर आणि त्याच्या छातीशी काळी चौकोनी पाटी. तिला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. पेटी वाजेना म्हणून तिला वाटलं असेल, वाजवणारा विसरला. तिनं डोळे मिटले आणि गाणं धरलं. तिचं आवडतं, सकाळच्या भक्तीचं, संथ चालीचं. आवाज थरथरत होता, पण सूर पक्का होता.

"आजी, थांबा," पाळकसाहेब म्हणाले. तिनं काही ऐकलं नाही.

मागून एक म्हातारा उठला. मग त्याची बायको उठली. मग जुनी मंडळी एकेक करत उठली, सवयीनं म्हणा, नाहीतर कशानं म्हणा. गाणं सुरू झालं की उठायचं. पोरं उठली, सुलाबाई उठल्या, शेवटी देवळात बसलेलं कुणी राहिलं नाही. एवढा वेळ शलोमी एकटी उभी होती. आता सगळेच उभे होते.

पाळकसाहेबांनी एकदा हात वर केला आणि खाली घेतला. सुरू झालेलं गाणं कोण तोडणार? शलोमीनं मान वर करून मंडळीकडं पाहिलं. शेवटच्या कडव्याला ती गायला लागली. तिच्या छातीतला आवाज माझ्या लाकडातून गेला. कितीतरी दिवसांनी मी गाण्यात होते हो!

गाणं संपलं. हरणाबाईनं डोळे उघडले. "पाटी धरून दमली आसशील बाई, ये, बस हितं माज्याजवळ."

"आजी, ती पाटी शिक्षेची आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"आं?" म्हातारी चाचपडत पुढं आली. तिनं माझी चौकट हातानं ओळखली, पितळी कडी ओळखली, आणि मग बोट त्या भोकात आणि दोरीत अडकलं. तिचा चेहरा पडला. "आवं पाळकसाहेब, ही माज्या मालकानं केल्याली पाटी हाय. गान्याची हाय. ह्या पोरीच्या गळ्यात कुनी बांधली? आन लिवलंय काय हिच्यावर?"

तिनं तोंड पाळकसाहेबांकडं वळवलं.

"मला वाचाय येत न्हाई. तुमीच वाचून दावा की."

पाळकसाहेब माझ्याकडं बघत राहिले. लिहायला सांगताना त्यांना काही वाटलं नव्हतं. आता त्या म्हातारीसमोर, शलोमीच्या तोंडाकडं बघत ते शब्द वाचायचे होते.  शेवटी त्यांनीच मान खाली घातली.

"वाचवना व्हय? मग ऱ्हाऊ द्या," हरणाबाई म्हणाली. तिनं पदराचं टोक धरलं आणि मला कडेपासून कडेपर्यंत पुसलं. मग दोरी शलोमीच्या डोक्यावरून काढली, तिचा हात धरला आणि तिला पहिल्या बाकावर बसवून घेतलं. पोर तिच्या मांडीत तोंड घालून हमसून हमसून रडली. पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेश केला नाही. नुसती प्रार्थना करून मंडळीला सोडलं.

सोमवारची जतची गाडी गेली. शलोमी त्या गाडीत नव्हती. ती दप्तर घेऊन शाळेला गेली, खिडकीतून मी डोळे भरून पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की सगळं गोड. तसं नाही, मित्रांनो. प्रशांत अजून मान वळवूनच जातो. पाळकसाहेब अबोल झालेत, त्यांच्या मनात काय आहे मला कळत नाही. आणि मला परत खिळ्यावर अडकवलं, ते दोरीसकट. ती माझ्या पाठीमागं गुंडाळून ठेवलीय. हरणाबाई काही कायमची नाही. शनिवार कलला की मी अजून चपलांचा कानोसा घेते.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. मला नवा रंग देऊ नका. कडीला पॉलिश नको, पडद्याच्या जागी परत मला आणा असंही म्हणत नाही. भोकं पडली ती पडली. पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी दप्तरात कात्री असेल. रविवारी जरा लवकर या. पाळकसाहेबांना सलाम करा आणि त्यांच्यासमोरच माझी दोरी कापा. कापलेली दोरी टाकून मात्र देऊ नका. वसतिगृहातल्या पोरींना कपडे वाळत घालायला तेवढी कमी पडतेय.