नथूआबांची घोडी

"उचला की पाय!" जयाकाकू नवऱ्याला म्हणाल्या.

"मी उचलतुयाच. त्योच यीना," नथूआबा म्हणाले.

आबा पुरणपोळी हातात घेऊन उंबऱ्यावर अडकले होते. अंगणापलीकडे गोठा, गोठ्यात शंभू. एकेकाळी शर्यतींचे घाट गाजवणारा हा बैल आता बसल्या जागेवरून उठत नव्हता. म्हणून पोळ्याला तो दारात आला नाही, पोळीच त्याच्याकडे निघाली. या घरात ज्याने बैल पळवला, त्यानेच घास द्यायचा.

शेखर, आबांचा मुलगा, मोबाइल घेऊन अंगणात उभा होता. सकाळीच त्याने बजावलं होतं, "तुमच्या नावानं किती दिस शेण काढू मी? आज सोताच्या पायानं जाऊन घास द्या, शंभू ऱ्हाईल. न्हाईतर गोशाळेला फोन लावतो."

"व्हय," आबा म्हणाले होते.

गोठ्याच्या जागी त्याला खोल्या काढायच्या होत्या. मारुंजीत सध्या बैलापेक्षा भाडेकरूला मागणी जास्त. मी भाडेकरू असल्यामुळे यावर बोलत नाही.

आबांना दवाखान्यात मीच नेलं होतं, स्कूटरवर. डॉक्टरांनी समजावलं, "मेंदूत काही पेशी असतात, आजोबा. एखादी गोष्ट हवीशी वाटली की त्या पायांना तिकडे नेतात. पार्किन्सनमध्ये त्या मरत जातात. मग हवंसं वाटतं, पण पाय निघत नाहीत."

आबांनी विचार केला. "म्हंजी बैल हाय, गाडा हाय. म्होरची घोडी मेली."

डॉक्टर म्हणाले, "अरेरे. कधी?"

मग मी सांगितलं, की इकडच्या शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळते आणि बैल तिच्या मागे सुटतात. डॉक्टरांनी मान हलवली. "मग पुढे कुणीतरी चालून बघा. कधीकधी उपयोग होतो."

हे जयाकाकूंना तेव्हा सांगितलं, ती माझी चूक.

"मनीष," त्या आता म्हणाल्या, "हो म्होरं. तूच घोडी."

कंपनीत माझी बढती दोनदा अडली होती. इथे मुलाखतही झाली नाही.

मी आबांकडे पाठ करून उभा राहिलो.

"घोडी आशी हुबी ऱ्हाती व्हय?" मागून आबा. "मान हालीव!"

मी मान हलवली आणि निघालो. आबांचा पाय सुटला. उंबरा गेला.

"लांब पळू नगंस! बैल नाद सोडतो."

मी जवळून पळू लागलो. मागे चपला घासत येत होत्या. अंगणाच्या मध्यावर कुंपणापलीकडे आयटीवाल्यांची बस थांबली आणि लाजून मीही थांबलो. आबा तिथेच खिळले.

"भिर्रर्रर्र!" जयाकाकू ओरडल्या. शर्यतीतली आरोळी, पदर खोचून. बसच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मी इज्जत सोडून दिली आणि मान उडवत थेट गोठ्यात शिरलो.

आबा आत आले. शंभूपासून दोन हातांवर पुन्हा पाय रुतले. मला पुढे जायला जागाच उरली नव्हती, पुढे भिंत होती. आबांनी पोळी पुढे केली. हात पोचत नव्हता.

"आलोय की मी," ते शंभूला म्हणाले. "आता तू ऊठ."

शंभूने मागचे पाय रोवले. ढासळला. पुन्हा रोवले. उभा राहिला, एक पाऊल आला आणि पोळी घेतली.

शेखरने मोबाइल खिशात घातला, शेणाची पाटी उचलली.

पोळी संपली तरी शंभू आबांचा तळहात चाटत राहिला. आबांना हात मागे घेता येत नव्हता. घ्यायचाही नव्हता.