हौदाला लावलेलं कुलूप

मित्रांनो, काचेच्या भिंती आणि काचेचंच छप्पर असलेल्या, रोपं वाढवायच्या एका घराच्या टोकाला मी बसलो आहे. मी पंखा. उंचीने मोठ्या माणसाएवढा, रंग उडालेला, एक पातं किंचित वाकलेलं. सुरू होताना म्हाताऱ्यासारखा खोकतो आणि मग दिवसभर घुमत राहतो. मला बोलता येत नाही याचं दुःख आयुष्यात एकदाच फार झालं. त्याचीच ही हकिगत.

माझं तरुणपण रंगाच्या कारखान्यात गेलं. ओल्या रंगाचा उग्र वास बाहेर फेकणं हे माझं काम. हा आहे म्हणून आपण श्वास घेतो, असं तिथली माणसं म्हणत. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच माणसांनी मला भंगारात लोटलं. गंजलो, धूळ खाल्ली, पात्यांमध्ये चिमण्यांनी घरटं केलं. मग एक हडकुळा वायरमन आला. घरटं रिकामं आहे ना, हे त्याने आधी पाहिलं आणि मगच मला हात लावला. माणूस मनाचा बरा, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. पण पुढे याच माणसाबद्दल माझ्याही मनात पाल चुकचुकली.

हा वायरमन काचघराच्या मालकाचा जावई. मालकांना सगळी गल्ली कुलूपकाका म्हणे. ते बादलीलाही साखळी घालत. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. हे साधं पाणीही फुंकून पीत. जावयाची नोकरी सुटली आणि तो बायकोसह सासऱ्याकडे राहायला आला. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं कुलूपकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आता तर ग्रहाने घरातच मुक्काम ठोकला होता.

उन्हाळ्यात काचघराची भट्टी व्हायची. दुपारी काकडीचे वेल माना टाकायचे. जावयाने त्यावर उपाय काढला. मला एका टोकाला बसवून समोरच्या टोकाला त्याने जाड कागदाची जाळीदार भिंत उभी केली. तिच्या डोक्यावर भोकं पाडलेला पाइप, पायाशी पूर्वीपासूनचाच सिमेंटचा हौद. छोटा पंप हौदातलं पाणी वर चढवी, ते भिंतीतून झिरपत पुन्हा हौदात येई. मी या टोकाने हवा बाहेर ओढायची, म्हणजे बाहेरची गरम हवा त्या ओल्या भिंतीतून गार होऊन आत शिरणार. घामेजल्या अंगाला वारा लागला की गार वाटतं ना, तसंच हे, असं त्याने बायकोला समजावलं.

वेल ताठ झाले. काकड्या धरल्या. कुलूपकाकांनी तोंडाने कौतुक केलं नाही, पण रोज दुपारी काहीतरी हरवल्यासारखं करत ते ओल्या भिंतीजवळ येत आणि मान पुढे काढून डोळे मिटून उभे राहत. इतक्या दुरून मला ते दिसे आणि माझा ऊर भरून येई.

मग त्यांचं लक्ष हौदाकडे गेलं. पूर्वी भरलेला हौद आठवडाभर पुरायचा. आता सकाळी काठोकाठ असलेलं पाणी संध्याकाळी तळाला टेकलेलं असे. त्यांनी हौदाला फट शोधली, पण सापडली नाही. मग आतल्या बाजूला कोळशाने रेघ ओढली आणि येताजाता ती पाहू लागले. पाणी रेघेखाली जाई आणि कुलूपकाकांच्या भुवया वर जात.

शेजारी गाड्या धुण्याचं दुकान होतं. जावई दर दोन-चार दिवसांनी बगलेत पाइपचं वेटोळं मारून तिकडे जायचा आणि हसत परत यायचा. मी काचेच्या भिंतीतून ते पाहत होतो. पाइप कशाला लागतो? हसण्यासारखं काय आहे? मित्रांनो, संशय हा गंजासारखा असतो. मलाही तो चढला.

कुलूपकाकांनी हौदावर लोखंडी झाकण बसवून कुलूप लावलं. एक किल्ली स्वतःच्या खिशात, दुसरी लेकीजवळ. पाणी तरीही जातच राहिलं. त्या दिवसापासून ते लेकीकडेही तिरप्या नजरेने पाहू लागले. ती काचघरात आली की हे वेलाआड उभे राहत.

अशातच ओल्या भिंतीवर पांढरी पापडी धरू लागली. कुलूपकाकांनी बोटाने ती खरवडली, जिभेला लावली आणि थुंकले. खारट, कडवट लागली. त्यांनी लेकीला हाक मारली. जावईही मागोमाग आला.

"पाणी चोरलं ते चोरलं," कुलूपकाका म्हणाले, "वर मीठ टाकून माझे वेल मारायला निघालात? किल्ली तुझ्याजवळ आहे, माई. तू दिलीस ना यांना?"

जावई शांतपणे म्हणाला, "आप्पा, पाणी कोणी नेत नाही. त्याची वाफ होते आणि पंख्यातून बाहेर जाते. म्हणून तर गारवा येतो."

"पंख्याला तोंड आहे का पाणी प्यायला? मला शिकवू नका, जावईबापू."

ते ऐकताच मला उमगलं, दिवसभर माझ्यातून ओली हवाच तर जात होती. खरं तेच तो बोलत होता. पण ज्याच्यावर संशय असतो त्याचं खरंही सबबीसारखं वाटतं. मी जोरजोरात फिरलो. त्याने फक्त थोडा वारा सुटला.

लेकीने कमरेची किल्ली काढून झाकणावर ठेवली. त्याच दिवशी दोघं बॅग घेऊन जावयाच्या बहिणीकडे निघून गेली.

कुलूपकाकांनी पंपासकट मला बंद केलं. दुसऱ्या दिवशी हौदातलं पाणी जिथल्या तिथे होतं. "बघा," ते वेलांना म्हणाले, "चोर गेला, चोरी थांबली." पण उन्हं चढली तसे वेल लोळू लागले. पानांच्या कडा करपल्या. एक दिवस त्यांनी दम धरला, मग मुकाट्याने आमची दोघांची बटणं दाबली.

त्याच सुमारास गाड्या धुणारा दारात आला. "जावई दिसले नाहीत? तुमच्या पाइपची भोकं क्षाराने बुजली असतील. द्या इकडे, आमच्या फवाऱ्याने मोकळी करून देतो. ते नेहमी आणायचे, चार गप्पाही व्हायच्या."

कुलूपकाकांनी त्याला वाटेला लावलं. चोराचा भाऊ पाहणीला आला, असं पुटपुटत ते हौदाच्या झाकणावरच स्टूल टाकून बसले. खाली कुलूप, दोन्ही किल्ल्या खिशात. आता कोण येतो ते बघतोच.

कोणी आलं नाही. भिंतीचं पाणी हौदात पडावं म्हणून झाकणाला ठेवलेल्या फटीशी त्यांनी निळा रुमाल भिजवून डोक्यावर घेतला. वाऱ्याने तो वाळला. पुन्हा भिजवला, पुन्हा वाळला. अख्खी दुपार असंच चाललं. शेवटी त्यांनी रुमाल मांडीवर पसरला आणि बघतच राहिले. कापड कडक झालं होतं, त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. त्यांनी एक रेघ चाटली. तीच चव.

ते उठले आणि झाकण उघडलं. पाणी रेघेच्या खूप खाली होतं. मग ते सावकाश चालत माझ्यापर्यंत आले आणि जाळीसमोर तळहात धरून किती तरी वेळ उभे राहिले. रुमालातलं पाणी कोणी चोरलं, हे विचारायला आता त्यांच्याजवळ माणूसच उरलं नव्हतं.

फोनवर ऐकू यावं म्हणून त्यांनी मला बंद केलं.

"माई, त्यांना दे जरा," ते म्हणाले. आणि मग, "जावईबापू, पाणी पंखाच पितो. चुकलं माझं. या परत."

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. पण रविवारी दोघं आली. जावयाने आल्या आल्या पाइप उतरवून बगलेत मारला, तेव्हा कुलूपकाका म्हणाले, "चला, मीही येतो." दोघं शेजारी गेले आणि परतताना जावई पुन्हा हसत होता. आता भिंत वरचेवर धुतली जाते, हौदातलं उरलेलं खारं पाणी काढून टाकलं जातं. माझ्या बेअरिंगला ग्रीस मिळतं. हौदाचं कुलूप कधीच निघालं.

लेक मात्र काही विसरलेली नाही. रोज संध्याकाळी हौद भरण्याआधी ती हाक मारते, "आप्पा, पाणी बघून घ्या." ते ओसरीवरून म्हणतात, "अगं, नको, भर तू." ती नळ उघडत नाही. ते उठून येईपर्यंत, वाकून आत बघेपर्यंत ती तशीच उभी राहते.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची निगा राखा. धूळ पुसा, क्षार खरवडा, तेलपाणी करा. आम्ही पुन्हा पहिल्यासारखे फिरू लागतो. माणसाचं तसं नसतं. म्हणून कुणावर बोट रोखण्याआधी एकदा नीट विचारा, आणि त्याने सांगितलेलं ऐकून घ्या.