बरणीतले हिरवे खडे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून माणसं उभी, खुर्च्यांमधल्या वाटेत माणसं बसलेली, आणि ज्याच्या त्याच्या हातात फोन उंच धरलेला. समोर मंचावर लांब टेबल, त्यावर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, मागून दिवा सोडलेला. प्रत्येक बरणीत पाणी आणि पाण्यावर तरंगणारे हिरवे खडे. कुठे वाटाण्याएवढे, कुठे द्राक्षाएवढे. दिव्यात ते पाचूसारखे चमकत होते आणि लोक तोंडात बोटं घालून बघत होते.

हे खडे माणसांच्या पोटातून पडलेले होते. कोणत्या वाटेने पडले ते सांगायला नको. धुऊन भरले असतील अशी आशा धरून मी नाकाला रुमाल लावला.

"निसर्ग बोलतो," मंचावरची बाई म्हणाली. आवाज असा, की जणू झोपलेल्या बाळाच्या उशाशी बसलीय. "आपण ऐकत नाही. आपण पाकिटं फोडतो, डबे उघडतो, आणि शरीर बिचारं आत दगड साठवत राहतं. साखरेचे दगड. मैद्याचे दगड. गिळलेल्या रागाचे दगड."

रागाचे दगड होत असते तर माझ्या पोटातून डोंगर निघाला असता. अर्थात मी राग कधी गिळला नाही, ही गोष्ट वेगळी.

ही बाई म्हणजे हिरवीताई. डोक्यापासून पायापर्यंत हिरवी, चष्म्याची काडीसुद्धा हिरवी, म्हणून माझ्यापुरतं तिचं नाव ते. कारखान्यातून न आलेलं, साधं, घरचं अन्न कसं करावं यावर लिहिणारे जे ब्लॉगवाले असतात, त्यांची ही मुकादमीण. बाकीचे एकमेकांना पाककृती पाठवत आणि ही सगळ्यांना आशीर्वाद पाठवत असे.

"आज आपल्यात एक धाडसी मुलगी आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तिला कापायची तारीख दिली होती. तिने काय केलं? एक पेला प्यायली. आणि ऑपरेशन रद्द केलं."

टाळ्यांचा पाऊस पडला. त्या पावसात मंचावर चढली ती माझी सून.

ती हसत होती. हसता हसता दंड खाजवत होती. दिवा तिच्या तोंडावर आला आणि मला तिचे डोळे दिसले. दिव्यात सगळेच पिवळे दिसतात, अशी मी मनाची समजूत घातली. पण हिरवीताई शेजारीच उभी होती आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरंच होतं.

"नशीबवान आहात हो तुम्ही," शेजारच्या खुर्चीतून आमच्या समोरची शिंपीण म्हणाली. तिचं दुकान आमच्या लाँड्रीच्या तोंडावरच आहे. "माझीही बरणी आहे वर. ती कडेची."

"तुमचं काय दुखत होतं?"

"जिना चढताना छातीवर दडपण यायचं. आता कसं हलकं वाटतं. गोळ्यासुद्धा सोडल्या मी."

मी तिच्याकडे बघितलं. तिला दम लागलेला होता, आणि ती तर बसलेली होती.

आता सुनेबद्दल सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सासू ती सासूच. आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुण्याची यंत्रं आणि वाफेची इस्त्री. सून काउंटर सांभाळते आणि गिऱ्हाईक नसलं की ब्लॉग लिहिते. कोंड्यासकट पिठाचा पाव, भाज्यांच्या सालांचं सूप, मोड आलेली कडधान्यं. आणि ते वाईट मुळीच नव्हतं. तिच्या पावाने माझं पोट साफ व्हायला लागलं, एवढं श्रेय मी शत्रूलासुद्धा देईन, ही तर सून आहे.

मग तिला जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे आहेत म्हणाल्या, आणि पित्ताशय काढायची तारीख दिली. सुनेचा चेहरा उतरला.

"घाबरतेस कशाला?" मी म्हटलं. "माझं काढून टाकलं तेव्हा तुझा नवरा शाळेत जात होता. त्यानंतर मी ही लाँड्री उभी केली. काही अडलं का माझं?"

"आई, तेव्हा तुम्हाला दुसरा मार्ग माहीत नव्हता."

"तुला कुणी दाखवला?"

तिने फोन पुढे केला. त्यात हिरवीताईचा पेला होता. दिवसभर फळांच्या रसावर राहायचं, जुलाबाचं मीठ घ्यायचं, आणि झोपताना तेल आणि लिंबाचा रस एकत्र घुसळून गटागटा प्यायचं. सकाळी खडे बाहेर. खाली लोकांनी आपापल्या खड्यांचे फोटो लावलेले, कुणाचे मोठे यावरून चढाओढ. ज्याला पडले नाहीत त्याला बाकीचे टोमणे मारत, अजून पाकिटातलं खाताय वाटतं.

सून प्यायली. खडे पडले, चांगली ओंजळभर. तिने आनंदाने ऑपरेशन रद्द केलं.

"निदान पुन्हा एकदा सोनोग्राफी करून बघ," मी म्हटलं.

"ताई नको म्हणतात. यंत्राच्या लहरींनी शुद्धी मोडते."

आमच्या घरात यंत्रं सकाळपासून घरघरत असतात. कुणाची शुद्धी मोडलेली मी पाहिली नाही. पण खडे तर समोर दिसत होते, नाही कसं म्हणणार?

त्या मेळाव्यानंतर नातीने बरणीतला एक खडा पळवला. बाहुलीच्या मुकुटाला पाचू हवा होता म्हणे. मुकुटाचा गोंद वाळावा म्हणून तिने तो इस्त्रीजवळच्या फळीवर ठेवला. तिथे ऊब असते, ओले मोजे आम्ही तिथेच वाळत टाकतो. थोड्या वेळाने ती माझा हात ओढत आली.

"आजी, माझा पाचू रडला."

फळीवर हिरवट तेलकट थारोळं झालं होतं, मुकुट त्यात बुडालेला. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, तर फडक्याला बुळबुळीत फेस आला. बोटं एकमेकांवर घासून बघितली. आयुष्य डाग काढण्यात गेलं माझं. दगडाचा फेस होताना मी कधी पाहिला नव्हता.

फडकं पिशवीत घातलं आणि तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"आजी, पित्ताशयातला खडा असल्या उबेने वितळत नाही," त्या म्हणाल्या. "हा साबण आहे. तिच्याच पोटात तयार झालेला."

"साबण गिळला नाही हो तिने."

"तेल गिळलं ना? पोटात तेल फुटतं. त्याला लिंबाचा रस आणि आतड्यातले क्षार भेटले की त्याचा साबण होतो, त्याचे गोळे वळतात आणि वरून पित्ताचा हिरवा रंग चढतो. जो पिईल त्याला पडतील. तिचे खरे खडे जिथे होते तिथेच आहेत." मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तिचे डोळे कसे दिसतात?"

"पिवळे."

"मग एखादा खडा जागचा हलून नळीत अडकलाय. तिला घेऊन या. ताप आला, हुडहुडी भरली, तर एक क्षण थांबू नका. अशी माणसं बघता बघता हातची जातात."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. सून शांतपणे ऐकत होती, दंड खाजवत.

"डॉक्टरांना कापायचंच असतं, आई. आणि पिवळेपणाचं मी ताईंना विचारलं. विष बाहेर पडताना आपला रंग दाखवतं म्हणाल्या. रविवारी त्या मला मंचावर दुसरा पेला देणार आहेत. दुप्पट."

"दुप्पट!" मी म्हटलं.

"आई, ती एवढं म्हणतेय तर..." मुलगा मधेच बोलला.

"तू गिऱ्हाइकांच्या शर्टांच्या कॉलरी बघ. डॉक्टरीणबाई तारीख देत होत्या तेव्हाही तू मान डोलावलीस, ही रद्द करत होती तेव्हाही डोलावलीस. दाराची कडी बरी, ती एका बाजूला तरी लागते."

फरफटत नेली असती तर ती दवाखान्याच्या दारातून परत आली असती. तिचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, माझ्यावर तर त्याहून नव्हता. विश्वास होता तो खड्यांवर. मग खड्यांकडूनच वदवून घ्यायचं मी ठरवलं.

"मलाही दे तो पेला," मी म्हटलं.

सुनेचे पिवळे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी तिचं काही ऐकलं नव्हतं. तिने आपल्या हाताने लिंबं पिळली. चव म्हणाल तर शिवणयंत्रात घालायच्या तेलात कुणीतरी सरबत सांडलेलं. दुसऱ्या दिवशी माझी बरणी सुनेच्या बरणीपेक्षा गच्च भरली. हरायची मला सवय नाही.

रविवारी सभागृह पुन्हा तुडुंब होतं. खिडक्या बंद, माणसांच्या श्वासांनी काचा धुरकटलेल्या, सगळ्यांना घाम फुटलेला. सून मात्र लोकरी शाल गुंडाळून बसली होती आणि शालीत तिचे खांदे हलत होते. मी कपाळाला हात लावला तर इस्त्रीच्या बुडाला लागल्यासारखं वाटलं. मुलगा दारात गाडी सुरू ठेवून बसला होता. एवढं तरी त्याने ऐकलं.

हिरवीताईने पेला दिव्यासमोर धरला. "शरीराला सगळं कळतं," ती म्हणाली. "ये, बाळा."

सून उठली. तिच्या आधी मी मंचावर पोचले.

"आधी माझं बघा," मी बरणी टेबलावर आदळली. "मी पण प्यायले."

हिरवीताईने पेला सुनेच्या हातात दिला, बरणी उचलली आणि तिचा चेहरा उजळला. एवढी म्हातारी, आणि एवढे खडे. तिने माइक माझ्या तोंडासमोर धरला. फोन वर झाले.

"हे खडे कुठले म्हणायचे?" मी विचारलं.

"पित्ताशयाचे, आई."

"नक्की ना? मला शिकलेल्यांसारखं कळत नाही. दुसऱ्या कुठल्या जागेचे असले तर?"

"दुसरे कुठले असणार? रंग बघा, गोलाई बघा. मी हजारो पाहिलेत. तुमचं पित्ताशय आता आरशासारखं लख्ख झालं असेल."

"असेलही. पण ते कुठे आहे मला माहीत नाही. हॉस्पिटलवाल्यांनी कापून काढल्यावर कुठे टाकलं, ते विचारायचं राहून गेलं."

मागे कुणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं.

"आई," हिरवीताईचा आवाज जरा चिरकला, "अवयव गेला तरी शरीर आठवण ठेवतं."

"आठवणीला ओंजळभर खडे पडतात?"

"मग हे यकृतातले असतील."

"मघाशी नव्हते."

डॉक्टरीणबाई मी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या पुढे आल्या, आणलेल्या थर्मासमधलं गरम पाणी एका भांड्यात ओतलं, त्यात वाटी ठेवली, आणि हिरवीताईच्याच एका बरणीतला खडा वाटीत टाकला. पुढच्या रांगा मान उंचावून बघत होत्या. खडा कडेने ओला झाला, बसला, पसरला, आणि वाटीत हिरवं तेल उरलं. मला दवाखान्यात जे सांगितलं होतं तेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आवाज न चढवता. तेल, लिंबू, आतड्यातले क्षार, साबण.

माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी सुनेकडे बघत होते. तिच्या एका हातात दुप्पट पेला होता, काठोकाठ, आणि हात थरथरत असल्यामुळे तेल बोटांवरून ओघळत होतं. ती ना वाटीकडे बघत होती, ना ताईकडे. ती माझ्या बरणीकडे बघत होती. लिंबं तिनेच पिळली होती. माझं पित्ताशय नाही हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

तिने पेला टेबलावर ठेवला.

"आई, मला खूप थंडी वाजतेय," ती म्हणाली, आणि तिचे गुडघे वाकले.

मी आणि डॉक्टरीणबाईंनी तिला दोन्हीकडून धरून गाडीत घातलं. आमच्या मागे हिरवीताई माइकवर सांगत होती, की बघा, शुद्धी सुरू झाली. काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

नळीत अडकलेला खडा काढला. पू झाला होता, जंतू रक्तात उतरले होते. कितीतरी दिवस सून माणसं ओळखत होती पण नावं विसरत होती. "आणखी थोडा उशीर झाला असता तर," एवढं म्हणून डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या. ती सावरल्यावर पित्ताशय काढलं. खरे खडे छोट्या बाटलीत घालून दिले. तपकिरी, ओबडधोबड, अगदीच कुरूप. नातीने त्यातला एक फळीवर ठेवून बघितला.

"आजी, हा रडत नाही," ती म्हणाली.

सून पुन्हा काउंटरवर बसते. पाव करते, सूप करते, त्यांच्याबद्दल लिहिते. ब्लॉगच्या डोक्यावर तिने सगळी हकीकत लिहिली आहे, सासूच्या बरणीसकट. निम्मे वाचक तिला सोडून गेले. हिरवीताईने आम्हाला औषध कंपन्यांची माणसं ठरवलं आणि नवा पेला काढला, आता मूत्रपिंडासाठी.

मी शिंपिणीकडेही गेले होते. गोळ्या सुरू करा म्हटलं, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. "तुमच्या सुनेचं वेगळं होतं," ती म्हणाली. "मला हलकं वाटतंय ना." त्याच आठवड्यात तिने करडा कोट धुवायला टाकला. तो आमच्याकडे अजून टांगलेला आहे, तिच्या नावाची चिठ्ठी लावून. छातीच्या दुखण्याने ती गेली तेव्हापासून समोरचं दुकान बंद आहे. हिरवीताईच्या पानावर तिच्या बरणीचा फोटो मात्र आहे आणि खाली लोक अजून लाल बदाम टाकत असतात.

त्या कोटाखाली बसून हे सांगते आहे. पाव खा, भाज्या खा, पाककृती एकमेकांना खुशाल पाठवा. पण कुणी पोटातून दगड काढून दाखवला, तर टाळी वाजवायच्या आधी एवढं विचारा: ज्याच्या पोटात ते दुखणं नव्हतंच, त्याच्याही पोटातून हे निघतं का? निघत असेल, तर दाखवणारा तुम्हाला फसवतोय किंवा स्वतः फसलाय, आणि तुमचं दुखणं तुमच्या आत तसंच वाढतंय. हा प्रश्न विचारायला शाळेत जावं लागत नाही. मी चौथीत शाळा सोडली. आणि चालू गोळी बंद करायची असेल तर ज्याने दिली त्याला विचारून करा. आमच्या दुकानात आता कोट टांगायला जागा नाही.